प्लॉट नंबर नऊचा भाडेकरू

रविवार, २ नोव्हेंबर २००३

शिरूरला आलो. कवठे येमाईची एसटी वेळेवर सुटली, बसायला खिडकी मिळाली, आणि रांजणगावच्या कंपनीत उद्या हजर होण्याचे पत्र खिशात आहे. आज मी सुखी आहे. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

तूर्त दत्ताच्या खोलीवर उतरलो आहे. दत्ता आमच्याच गावचा, दोन वर्षे त्याच कंपनीत आहे, आणि या दोन वर्षांत त्याने खोलीचा केर काढलेला दिसत नाही. पाच जण झोपतात. एकाच्या पायाला दुसऱ्याचे डोके लागते आणि कोणाला काही वाटत नाही. दत्ता म्हणतो, “बिऱ्या, सवय व्हती रं.” मला अशा सवयी करून घ्यायच्या नाहीत.

महिन्याभरात चांगल्या वस्तीत घर बघून आईला आणायचे आहे. आई जन्मभर मेंढरांमागे फिरली. वडील गेल्यापासून मामाच्या गोठ्यालगतच्या पडवीत राहते. तिला एक पक्के घर हवे आणि “ए मेंढरवाले, सरक” असे न म्हणणारे शेजारी हवेत. नोकरी धरली ती त्यासाठीच.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीची बस साडेचारला स्टँडजवळ सोडते. तेथून अंधार पडेपर्यंत वस्त्या पाहतो. वहीत प्रत्येक वस्तीला एक पान दिले आहे.

बाजारपेठेमागची आळी: गटारावर फळ्या टाकून लोक त्यावर बसतात आणि दिल्लीचे राजकारण सुधारतात. एका दारावर पाटी होती, “रुम भाडयाने देने आहे”. चार शब्दांत तीन चुका. घरमालकिणीने लग्न झाले आहे का विचारले. नाही म्हणताच तिने दार लावून घेतले, जणू मी तिलाच मागणी घातली होती.

नदीकडची नवी बिल्डिंग: मालकाने नाव विचारले, गाव विचारले, मग आडनाव पुन्हा विचारले. कोळपे, असे मी दोनदा सांगितले. मग खोली कालच गेल्याचे त्याला आठवले. असल्या माणसाच्या शेजारी मलाच राहायचे नाही.

नगर रस्त्याच्या चाळी: परप्रांतातली पोरे, सगळी एकदम बोलतात, ऐकायला कोणी मोकळे नाही. एक पान वाया गेले.

रविवार, ९ नोव्हेंबर

घर मिळाले.

स्टँडच्या खांबाला हाताने लिहिलेला कागद डकवला होता: “सुशिक्षित, निर्व्यसनी, अविवाहित तरुणास नवीन घर राहावयास देणे आहे.” एकही चूक नव्हती. मी दोनदा तपासले. या गावात ऱ्हस्व-दीर्घ कळणारा एक तरी माणूस आहे म्हणून थेट पत्त्यावर गेलो. ते लिहिणारे पोपटराव, निवृत्त शिक्षक, आठव्या घरात राहतात. जमीन हौसराव आप्पांची. पूर्वी तेथे ऊस होता, आता प्लॉटिंग आहे. एका ओळीत नऊ घरे, झाडलेला रस्ता, दारोदार तुळस, नळाला पाणी. आठ घरांत मालक राहतात. नववे नवे आहे, आप्पांनी ते थोरल्या मुलासाठी बांधले आहे.

अटी दोनच. देवाचा फोटो लावायचा नाही, आणि वास्तुशांत होईपर्यंत एकट्याने राहायचे. आई त्यानंतर आली तर चालेल. भाड्याचे नंतर बघू, म्हणाले. आप्पा पहिल्या भेटीतच अरेतुरे करतात. हसून म्हणाले, “तुझा बा आमच्या रानात मेंढरं बसवायचा. दोन राती बसली की रानाचं सोनं व्हायचं. आता तू बस घरात.” जमिनी असलेल्या माणसांना एवढाच विनोद येतो. मी घर पाहत होतो, मला त्याचे काही वाटले नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

घर उत्तम आहे. फक्त आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी बसवलेली नाही. खाली हातभर खड्डा आहे. वास्तुशांतीत तेथे वास्तुपुरुषाची मूर्ती पुरतात, म्हणून मोकळा ठेवला आहे.

आप्पांच्या पत्नी सिंधूबाई रोज जेवणाचे ताट आणतात. पुरणपोळी, भात, भाजी, सगळे असते, मीठ तेवढे नसते. भाजीतही नसते आणि पानातही वाढलेले नसते. ताट माझ्या हातात देत नाहीत. जमिनीवर ठेवतात, ओंजळीतल्या पाण्याने भोवती चौकोन काढतात आणि पाठ न दाखवता उलट्या पावली बाहेर जातात. एवढे शेत, एवढी घरे, आणि स्वयंपाकात मीठ घालायचे भान नाही. पाण्याचा चौकोन कशाला, तर ताटाला मुंग्या लागू नयेत म्हणून असेल. मी विचारले नाही. अडाणी माणसांना कारण विचारले की ती नवे कारण तयार करतात.

सोमवार, १७ नोव्हेंबर

काल रात्रीपासून थर्ड शिफ्ट. सकाळी आठला बस सोडते, मग दुपारभर झोप. वस्ती दुपारी अगदी शांत असते. पुरुष पुण्याला नाहीतर कंपन्यांत, बायका दारे लावून आत.

आज दोन वाजता जाग आली तेव्हा मी पलंगावर नव्हतो. फरशीवर पालथा होतो, कपाळ फरशीला टेकलेले. पलंगापासून ती जागा पाच पावलांवर आहे. झोपेत चालण्याची मला सवय नाही.

सिंधूबाई दारात ताट घेऊन उभ्या होत्या. मला तसे पाहून त्या दचकल्या नाहीत. ताट ठेवले, पाणी फिरवले आणि पदर पसरून म्हणाल्या, “अनुपमाचं औंदा जमावं.” अनुपमा त्यांची मुलगी. जाईनात, म्हणून मी म्हणालो, जमेल. त्यांनी फरशीला हात लावून डोक्याला लावला आणि गेल्या.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

अनुपमाचे जमले. वडगाव रासाईचे स्थळ, बागायतदार. पेढे आले. माझ्या ताटाजवळ ठेवले, माझ्या हातात दिले नाहीत.

तेव्हापासून रोज दुपारी कोणी ना कोणी येते. कोणाला बदली हवी, कोणाला बोअरला पाणी, कोणाला नातू. मी जमिनीवर बसलेला असतो, ते उभे राहून मागतात आणि मी “होईल” म्हणेपर्यंत हलत नाहीत. आणि होते. बोअरला काल पाणी लागले. असल्या मूर्ख लोकांची मला कीव येते. पण खरे लिहायचे तर बरेही वाटते. आमच्या घरी आजवर कोणी काही मागायला आले नव्हते. आप्पाही आता मला “तुम्ही” म्हणतात. वस्ती निवडावी तर अशी, असे वहीत लिहिले.

कँटीनचे जेवण मात्र उलटून पडते. मिठाने जीभ भाजते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

चार दिवस झाले, रोज त्याच जागी जाग येते. पालथा. आज होकायंत्राने तपासले. दत्ताकडून मागून आणले होते. डोके बरोबर ईशान्येला, पाय नैऋत्येला. पलंगाला स्वतःला दोरीने बांधून झोपलो होतो. दोरी पलंगालाच होती, गाठ सुटली नव्हती.

पोपटरावांना जाऊन विचारले. शिकलेला माणूस म्हणून. ते शाळेत शिकवावे तसे सांगू लागले: घराखाली वास्तुपुरुष पालथा निजलेला असतो, डोके ईशान्येला. घरात जे बोलावे त्याला तो तथास्तु म्हणतो. म्हणून वास्तुशांतीत त्याची मूर्ती पुरायची आणि त्याला नैवेद्य दाखवायचा. आणि नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत, हे तुमच्याकडे ठाऊक नाही वाटते, असे म्हणून ते हसले.

मी म्हणालो, मग मूर्ती पुरा आणि मोकळे व्हा.

ते म्हणाले, “आमच्या वस्तीत धातूची नसते.”

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

बॅग भरली. सकाळी अकराला निघालो. पहिले घर रस्त्याला लागून आहे, तेथवर जायचे म्हणजे आठ घरे ओलांडायची. आठव्या घरापुढे पाय उचलेना. दुखत नाही. जड आहे, जोत्याच्या दगडासारखा. दारात बसून दाणे निवडणाऱ्या बायका वर पाहून शांतपणे म्हणाल्या, “आत जा, देवा. ऊन हाय.”

परत आलो. चालत आलो का, ते आठवत नाही.

दुपारी कान फरशीला होता. शेजारच्या घराखालून आवाज आला. कोणीतरी म्हणत होते, होईल. हळू, कंटाळलेले. मग त्यापलीकडच्या घराखालून, होईल. तिसऱ्या घराखालचा हिंदीत म्हणतो — हो जाएगा, हो जाएगा. त्या चाळीतल्या पोरांसारखाच बोलतो. त्यांना मी एक पानही दिले नव्हते नीट.

आठ आवाज मोजले.

रविवार, ३० नोव्हेंबर

दत्ता आला होता. मी तीन दिवस कंपनीत गेलो नाही म्हणून. आप्पांनी त्याला दारातच थांबवले, आजारी आहे म्हणाले. मी आतून ओरडायला तोंड उघडले — दत्ता, मला उचलून ने — तोंडातून काहीच आले नाही. विचारल्याशिवाय येत नाही.

दत्ताने दारातून विचारले, “बिऱ्या, बरा हायस न्हवं?”

तोंड म्हणाले, होय.

“मंग आईला सांगावा धाडू का? ये म्हणून? तुझं घर बघंल तरी.”

दात आवळले. जीभ दातांत धरली. रक्त आले. तरी आवाज आला, स्वच्छ, माझाच — होय, येऊ दे.

दत्ता खूश होऊन गेला. म्हणाला, “नशीब काढलंस लेका, असली वस्ती.”

सोमवार, १ डिसेंबर

पलीकडे दहाव्या प्लॉटवर पाया खणत आहेत. धाकट्या मुलासाठी.

आप्पा आले. टोपी काढून बसले. म्हणाले, वास्तुशांत गुरुवारी. मग सहज, जनावराची किंमत करावी तसे, खिडकीतून खणलेल्या पायाकडे पाहत म्हणाले, दहाव्यालाबी माणूस मिळंल न्हवं? या वक्ताला बाईमाणूस चालंल का?

मी भिंतीवर डोके आपटले. ते थांबून राहिले. घाई नव्हती त्यांना.

मिळेल — असे मी म्हणालो. चालेल.

मी त्यांना अडाणी म्हणत होतो. यांनी जाहिरात लिहिली तेव्हाच माझे माप घेतले होते. कोणाला शुद्धलेखनाचा गर्व असतो, कोणाला आठ दारांतून हाकलले की नववे दार देवळासारखे वाटते, हे सगळे त्यांना —

मंगळवार, २ डिसेंबर

उठता येत नाही. पालथ्यानेच लिहितो. उजवा हात अजून माझा आहे.

छातीखालची फरशी मऊ लागते. रोज थोडी खाली जाते. की मी —

सिंधूबाईंनी गंध लावायला कपाळ वळवले. बोटे थंड. आईसारखे प्रेमाने लावले. तेच सोसवत नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

दत्ताचा निरोप आहे, आई आज निघाली. एसटी चारला येते. आई येईल. मीच म्हटले, येऊ दे.

विचार केला. तोंड त्यांचे आहे. हात माझा. वहीचे पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहिले — आई, येथे राहू नकोस. मागे न बघता पळ. दत्ताकडे जा. — तपासले. एकही चूक नाही. दाराच्या फटीतून बाहेर सरकवून ठेवले. ती आली की पहिल्यांदा तिच्या पायाशी —

चार वाजून गेले.

तिचा आवाज. बिऱ्या, बिऱ्या करत येते आहे. बायका तिला या, आत्याबाई, म्हणतात. तिला कोणी आजवर या म्हटले नव्हते. ती हसते आहे. हसू ऐकू येते.

कागद उचलला तिने.

आईला अक्षरओळख नाही.

एवढी वर्षे मी तिच्यासमोर वाचत होतो, लिहीत होतो. एकदाही तिला अ काढून दाखवला नाही. मेंढरांमागे फिरणारीला काय करायचे, असे मीच —

सिंधूबाईंना विचारते आहे, काय लिवलंय माझ्या लेकानं, वाचा की बाई.

सिंधूबाई वाचतात. ठासून, एकेक शब्द. आई, ये. घर लई चांगलं हाय. आता हितंच ऱ्हा.

आई रडते आहे. आनंदाने.

दार उघडले. तिला मी दिसतो, पालथा. ती म्हणते, निजलाय व्हय माझा राजा. कामानं दमलाय. जवळ बसली. पाठीवरून हात फिरवते. हाताला बाभळीचा, लोकरीचा वास.

सगळे दारात उभे आहेत. वाट बघतात.

तोंडात मीच रुमाल कोंबला आहे. हात लिहितो आहे तोवर —

ती वाकली. कानाशी विचारते, बिऱ्या, खरंच ऱ्हाऊ का रं मी हितं?

नाही नाही नाही नाही ना

रुमाल ओला होऊन बाहेर येतो आहे, जीभच त्याला ढकल