मधल्या नऊ वर्षांचा दाखला

तीर्थरूप दादास,

गुडघे कुरकुरताहेत, म्हणून खुर्चीत बसूनच केलेला हा नमस्कार गोड मानून घे. वहिनीची पाठ कशी आहे? तुझं उत्तमच असणार. काही बिनसलं की तुझा फोन येतो, आणि आई गेल्यापासून चार महिन्यांत एकही आला नाही, म्हणजे तब्येत ठणठणीत दिसते. मीही बरी आहे. (घर फार शांत झालंय, पण ते असो.)

पत्रास कारण की, पन्नाशीला टेकलेली तुझी बहीण नोकरी शोधायला निघाली आहे. कंपनी एवढी मोठी की दारापासून लिफ्टपर्यंत जाताना मला मध्ये एकदा बसावं लागलं. जागा आहे गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घेण्याची. म्हटलं, नऊ वर्षं आईच्या ऐकल्या, याहून दांडगा अनुभव तो कसला! पण त्यांना माणूस एका भेटीत कळत नाही, चार मुलाखती घेतात. पहिलीत समोर माणूसच नव्हता, नुसता कॉम्प्युटरचा पडदा. एका उत्तराला चाळीस सेकंद. मी बापडी सवयीने प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची, तेही ओरडून (आईला शेवटी एकाच कानाने ऐकू यायचं, तुला ठाऊक नसेल), त्यामुळे माझं एकही उत्तर पुरं झालं नाही. तरी पास! दुसरीत आठ जणांनी मिळून कागदाचा मनोरा बांधायचा होता. बाकीचे चर्चा करत होते तोवर मी पसारा दिसला म्हणून सगळे कागद गोळा करून नीट रचून ठेवले. तरीही पास, देव जाणे कशी.

तिसरीत मात्र शोभा झाली. लांबलचक टेबलापलीकडे पाच जण, मधोमध मोठे साहेब. ते पाणी प्यायले आणि त्यांना असा ठसका लागला की डोळे पांढरे व्हायची वेळ. बाकी चौघं आपापल्या कागदांत बघत बसले, कारण साहेबांच्या पाठीत थापटी मारायची कुणी? मी कधी उठले मला कळलंच नाही. एक हात छातीवर, एक पाठीवर, आणि तोंडाने, ‘सावकाश, सावकाश गिळ, शहाणं गं माझं बाळ ते!’ वर रुमालाने हनुवटीसुद्धा पुसली. अरे, एवढ्या मोठ्या साहेबाची! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ते मात्र रागावले नाहीत. ठसका थांबल्यावर हळूच म्हणाले, ‘हे कुठे शिकलात?’ आणि दादा, आई गेली तेव्हा मी रडले नव्हते (तू म्हणालास, ही पहिल्यापासून दगडच), ती मी पाच परक्या माणसांसमोर हमसून हमसून रडले.

मग त्यांच्यातल्या फॉर्म भरणाऱ्या पोरीने मला पाणी दिलं. पोर गोड आहे, पण फॉर्मपुढे तिचंही चालत नाही. मधल्या नऊ वर्षांपुढे तिने ‘रिकामा काळ’ असं लिहिलं. म्हणाली, ज्यांच्याकडे काम केलंत त्यांचं पत्र आणा. म्हटलं, त्या आता सही करू शकत नाहीत. तर म्हणाली, मग माहीतगार, जबाबदार माणसाचा दाखला चालेल. चौथ्या मुलाखतीला सोबत हवा. तू मुख्याध्यापक, शेकडो पोरांना चांगल्या वर्तणुकीचे दाखले दिलेस, त्यातल्या निम्म्यांचं तोंडही आठवत नसेल. मग एक मला दे.

तुझी,
धाकटी

ता. क. मजकूर तुला जड जाईल म्हणून मीच लिहून सोबत जोडला आहे. एकच ओळ आहे: ‘माझ्या बहिणीने आमच्या आईला नऊ वर्षं सांभाळलं.’ खाली सही कर. ‘आमच्या’ हा शब्द खोडू नकोस.

ता. क. २ पत्र टाकायचं राहून गेलं होतं. मघाशी त्या पोरीचा फोन आला. जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली, दाखल्याची आता गरज नाही म्हणाली. तू पाठव.