बाहेरून लावलेली कडी

धाकट्या,

आत्याला मी माझ्या घरी नेतेय. दुपारी आले तेव्हा ती बाथरूममध्ये होती आणि कडी बाहेरून लावलेली. दार वाजवून तिचे हात लाल झाले होते. तू हेडफोन घालून बँकेच्या इंटर्नशिपची ऑनलाइन ॲप्टिट्यूड टेस्ट सोडवत होतास. "ती कॅमेऱ्यात येते गं, पेपर बाद होतो," म्हणालास आणि क्लासला निघून गेलास. अरे, तो नुसता सराव पेपर होता. शिसारी आली मला तुझी.

आत्याला वाटतंय, कडी आपोआप पडली. मघाशी मलाच विचारत होती, "त्याचा पेपर नीट गेला ना?" कडी कोणी लावली, ते तू स्वतः येऊन तिला सांग. तोवर मला फोन करू नकोस.

ताई