मुंबईचं फूल

अण्णा,

कपाटातून माझ्या मूळ मार्कशीट घेतल्यात, शोधत बसू नका. अंधेरीच्या कॉलेजात एमबीएला जमा करायला चाललेय. कोर्स संपेपर्यंत त्या परत मिळत नाहीत, म्हणजे डब्लिनचा विषय संपला.

तुम्ही गावच्या देवाला कौल लावलात. तिकडे भाऊकाका देवळात मोबाईल धरून उभे, इकडे तुम्ही सोफ्यावर हात जोडून. देवाच्या उजव्या खांद्याला डब्लिनचं फूल, डाव्या खांद्याला लंडनचं. उजवं पडलं आणि तासाभरात अख्ख्या बिल्डिंगला पेढे गेले. मुंबईचं फूल कुणी लावलंच नाही. मलाही कुणी विचारलं नाही.

मला आपल्या गावचा काजू विकायचाय. तो घाटकोपरच्या बाईच्या गळ्यात कसा मारायचा, हे डब्लिनचे मास्तर मला काय डोंबल शिकवणार?

आणि तुमच्या छातीत दुखलं म्हणून मी थांबले, असं आत्याला अजिबात सांगायचं नाही. त्याचा काही संबंध नाही. सकाळची गोळी ताटलीत ठेवलीय, खाल्ल्यावर घ्या. बांगडे मसाला लावून फ्रिजात ठेवलेत, मी येऊन तळते. तुम्ही गॅसजवळ जाऊ नका.

संध्याकाळी काय ओरडायचं ते ओरडा. पहाटे एकदा वाटलं होतं, भाऊकाकांना सांगून मुंबईचं तिसरं फूल लावावं. मग म्हटलं, पडलं काय नि न पडलं काय, मी अंधेरीलाच जाणार. उगाच देवाला कशाला तोंडघशी पाडायचं?

अपूर्वा