गळा चौदा इंच

११ नोव्हेंबर
सहावा दिवस, सूर्य नाही. मशीन खिडकीशी ओढलं तरी सुई ओवता येईना. गुडघे संपावर! तिकडे लेकाच्या गॅलरीत आता ऊन थेट वेताच्या खुर्चीवर येत असेल. दोन वर्षांपूर्वी तीन महिने मी त्याच खुर्चीत बसायचो. काठी कुठे ठेवलीय तेही विसरलो होतो.

१४ नोव्हेंबर
लेकाला सरळ विचारलं, 'या हिवाळ्यात येऊ का?' म्हणाला, 'बाबा, नंतर बघू. सध्या कामाची फार गडबड आहे.' म्हटलं, अरे, मला काय सांभाळायचंय? खुर्ची द्या, ऊन द्या, बास! हसला. मागून सूनबाई काहीतरी म्हणाली आणि फोन घाईघाईनं बंद झाला.

शेजारच्या औषधवाल्याला सांगितलं. तो म्हणतो, 'मास्तर, दुरून डोंगर साजरे!' मीही हसलो. घरी येऊन चहा केला, तो तसाच गार झाला.

१५ नोव्हेंबर
सूनबाईलाच मी नको आहे. लिहून टाकलं. बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर
नाही वाटलं.

२० नोव्हेंबर
नातीचा फोन. नऊ वर्षांची आहे, पण बोलते आजीबाईसारखी. म्हटलं, चिमणे, बाबाच्या वाढदिवसाला शर्ट शिवायचाय, गुपचूप माप घे. माझी जुनी टेप तिथेच ठेवून आलोय, तिला खेळायला. 'आत्ताच घेते, बाबा झोपलाय.' तिकडे भरदुपार, कामाचा दिवस, आणि साहेब झोपलेत! सुट्टी असेल.

'गळा चौदा, छाती छत्तीस.'

हसू आवरेना. त्याच्या लग्नाचा सूट मीच शिवलाय – गळा साडेपंधरा, छाती चाळीस! नवशिका हात टेप आवळतोच. उमेदवारीत मीही मालकाच्या शिव्या खाल्ल्यात त्यापायी.

'आजोबा, मी सैलच धरली होती. दोन बोटं ठेवून, तुम्ही शिकवलं तसं.'

म्हटलं, बरं बरं.

२१ नोव्हेंबर
वहीतल्या जुन्या मापानं कापलं. पांढरं सुती, खास उन्हाचं कापड. हात जराही थरथरला नाही. अजून आहे म्हणायचं काहीतरी शिल्लक!

२६ नोव्हेंबर
शर्ट पाठवला. सोबत चिठ्ठी – 'गडबड संपली आणि बापाची आठवण झाली, तर कळव.' पोस्टाच्या पायऱ्या उतरतानाच वाटलं, असं लिहायला नको होतं. परत मागायला गेलो. खिडकीतली बाई म्हणाली, 'पिशवी गेली, आजोबा.'

९ डिसेंबर
लेकाचा व्हिडिओ कॉल. गॅलरीत, माझ्याच खुर्चीत बसलेला, अंगावर शर्ट. ऊन असं लख्ख की तोंड नीट दिसेना. डोक्यावर टोपी. पण शर्ट मात्र दिसला! खांद्याची शिवण दंडावर उतरलीय. गळ्यात माझी मूठ जाईल.

'छान झालाय, बाबा,' म्हणाला.

छान कसला? बुजगावण्याला घातल्यासारखा दिसतोय! तसं म्हणालोही. तो हसला, चिमणी नाही हसली. 'मी सांगितलं होतं,' एवढंच म्हणाली.

वही तीनदा पाहिली. चाळीसच लिहिलंय. चाळीसच कापलं. मग चुकलं कुठे? माझा धंदा संपला बहुतेक.

१० डिसेंबर
सकाळी सूनबाईचा फोन. रडत होती. 'ऑगस्टपासून उपचार चालू आहेत, बाबा. तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली होती त्यांनी. आता ऐकत नाही मी त्यांचं. तुम्ही या.'

पोरीचं माप बरोबर होतं.

परवाचं तिकीट. पिशवीत कात्री आणि उरलेलं पांढरं कापड घेतलंय. गळा चौदा, छाती छत्तीस. शिवणीत आत कापड जास्त सोडणार आहे – अंग पुन्हा भरलं की उसवून मोठा करता येतो.