आठ सालचा सप्टेंबर

१६ डिसेंबर, मंगळवार
सकाळपासून नेटवरून २००६ सालच्या पावसाचे आकडे उतरताहेत. सर्व्हर कुठल्या मुलखात आहे देव जाणे, इथं लातुरात मुंगी साखर ओढते तसं चाललंय.
माझ्या थोरल्या भावाने, अण्णांनी, शिरूर अनंतपाळच्या शेतात मापाचं भांडं ठेवून पंचवीस वर्षं रोजचा पाऊस वहीत मांडला. त्यांची मुलगी रूपाली नांदेडला त्याच वहीवर प्रबंध करतेय. तिच्या मार्गदर्शक सरांची अट, उपग्रहाच्या आकड्यांशी जुळली तरच वही धरायची. रू.ला सवड नाही, म्हणून उतरवायचं काम आत्याकडे.
पहिले तीन दिवस फाईल एका मिनिटात तुटायची. आकडेमोडीचा प्रोग्राम ‘आर’ साठ सेकंदच वाट बघतो, हे व्हिडिओ बघून कळलं. दोन तासांची मुदत दिली. आता गप बसलाय बिचारा.

१८ डिसेंबर, गुरुवार
दर वर्षाची वेगळी फाईल. आहे ती सोडायची, नाही ती आणायची, असं चार ओळींत लिहून दिलंय. मधेच लाईट गेली तरी पहिल्यापासून नको. स्वतःवरच खूश.
उद्या येळवस, वेळ अमावस्येचं शेतातलं जेवण. भज्जीच्या मिसळभाजीचे दाणे सोलून ठेवले, आंबील मुरतेय. हे म्हणाले, “कॉम्प्युटरलाबी डबा बांध.”

१९ डिसेंबर, शुक्रवार
येळवस. औशाकडच्या शेतात दिवसभर. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळी घरं बंद. निघताना २००८ चालू होतं.
परत आलो तर कॉम्प्युटर बंद. लाईट गेली असणार. पुन्हा चालू केला, २००८ आहे म्हणून २००९ पासून सुरू. माझ्या चार ओळी कामाला आल्या.
बाजरीच्या पिठाचे उंडे उरलेत.

२२ डिसेंबर, सोमवार
सगळी वर्षं उतरली. वहीशेजारी लावून बघितली. छान जुळतात. २००८ सोडून. वहीत सप्टेंबरभर पाऊस, उपग्रहाकडे ऑगस्ट-सप्टेंबर दोन्ही कोरडे ठाक.
अण्णांना फोन केला. म्हटलं, त्या साली तुमच्याकडनं दुसऱ्या वर्षीचं पान तर नाही ना उतरलं? अण्णा म्हणाले,
“शके, त्या सप्टेंबरात भांडं दोनदा भरून सांडलं. मी पोतं डोक्यावर घेऊन हुबा होतो. तुझा उपग्रह कुठं हुबा होता?”
फोन ठेवला.

२३ डिसेंबर, मंगळवार
रू.चा फोन. अण्णांनी वही ट्रंकेत घातली. म्हणाले, माझी नोंद खोटी तर प्रबंधात कशाला. पाच तारखेला सरांना मूळ वही दाखवायची आहे. रडत नव्हती, पण आवाज तसाच होता. “आत्या, त्यांना असं का विचारलंस?”
काय सांगू. मशीन म्हणालं म्हणून.

२४ डिसेंबर, बुधवार
सापडलं.
फायली आकाराने लावून बघितल्या. सगळ्या बहिणी सारख्या अंगाच्या, २००८ निम्मीच. शेवटची ओळ जुलैत, आकडा अर्धाच लिहून सुटलेला. अर्धी फाईल होती, आणि मी शिकवलेलं, आहे ती सोडायची. वर, रिकाम्या जागी शून्य धर, हेही मीच लिहिलेलं. न आलेला आकडा कोरडा दिवस झाला.
यांना म्हटलं, येळवशीला नेमकी लाईट कशी गेली हो? हे चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, “गेली कुठं? गावाला निघताना मेन स्विच तूच पाडलीस की. दरसाल पाडतीस. आल्यावर मी चालू केली.”
चाळीस वर्षांची सवय. कुलूप, किल्ली, मेन स्विच. हाताला कळलंच नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार
२००८ पुन्हा. आता दुसऱ्या नावाने उतरवते, सर्व्हरने सांगितलेला आकार भरला तरच खरं नाव. दुपारी पूर्ण. सप्टेंबर उघडला.
पाऊसच पाऊस. भांडं सांडलं ते दोन दिवस तर अण्णांच्या वहीतले तेच.
अण्णा फोन उचलत नाहीत. मेन स्विचवर कागद डकवला: हात लावू नये. हे म्हणाले, कुणासाठी लिहिलंस? तुझ्यासाठीच ना.

२७ डिसेंबर, शनिवार
शिरूर. बसने गेले, दोन कागद छापून. अण्णा ओट्यावर. वहिनींनी चहा दिला, अण्णांनी फक्त “आलीस?” म्हटलं.
सगळं सांगितलं. मेन स्विचचंही. अण्णा हसले नाहीत, पण मिशी हलली. चष्मा पुसून सप्टेंबरचा कागद वाचला, बोट ठेवून, एकेक दिवस.
“अन ती अर्धी फाईल?”
“पुसून टाकली.”
“का पुसलीस? माझं चुकलं तर मी खोडत न्हाई. बाजूला लिहितो, काय चुकलं ते.”
ट्रंक उघडली. वही काढून मांडीवर घेतली, माझ्या हाती दिली नाही.
“बाकीची सालं मोजलीस का? का ती बी अर्धीच?”
आकार बघितलेत, म्हटलं, पण ओळ न ओळ नाही.
“मंग मोज. झालं की ये.”
परतीच्या बसमध्ये रू.चा मेसेज, दिली का वही? अजून उत्तर दिलं नाही.
घरी येऊन चार ओळींच्या बाजूला लिहिलं: १९ डिसेंबर, मेन स्विच मी बंद केली. २००८ अर्धं.
आता पहिल्या वर्षापासून मोजतेय.