निळी रेघ

३ नोव्हेंबर
आली बाई एकदाची कोंढ्याला! नर्सची पहिलीच पक्की नोकरी, उपकेंद्र घरापासून पाच मिनिटांवर. घरमालकीण रुखमिणीबाईंनी आल्या आल्या तलावातली मासोळी रांधून वाढली आणि माझी सहा महिन्यांची गुंजन सरळ कडेवर उचलून नेली. नवरा, योगेंद्र, सामान टाकून नागपूरला नोकरीवर परतला. मजा आहे माझी.

११ नोव्हेंबर
गावातल्या बायकांना छातीची तपासणी शिकवली. गाठ शोधा म्हटलं. गाठ नाही तर भ्यायचं कायले? सगळ्या पदराआड हसत होत्या. गुंजन कालपासून उजवीकडे पीत नाही. नखरे, दुसरं काय!

१७ नोव्हेंबर
उजवी बाजू लाल, गरम, जड. रुखमिणीबाई म्हणाल्या, दूध गोठलं असन व माय, शेक घे. मलाही तेच वाटतं. गोळ्या सुरू केल्या. लालीच्या कडेने याच निळ्या पेनाने रेघ ओढली. औषध लागू पडलं की लाली रेघेच्या आत सरकते. पेशंटला आम्ही असंच करतो.

२१ नोव्हेंबर
लाली रेघेबाहेर गेली. दुसरी रेघ ओढली. ताप नाही. गाठही नाही, किती वेळा चाचपलं.

२६ नोव्हेंबर
तीही ओलांडली. कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे. रुखमिणीबाईंनी पाहिलं आणि शेकाचं फडकं खाली ठेवलं. म्हणाल्या, आताच्या आता भंडाऱ्याची गाडी धर. त्या भ्याल्या, तशी मीही भ्याली.

४ डिसेंबर
भंडाऱ्याहून नागपूरला पाठवलं. कातडीचा तुकडा तपासला. कॅन्सर.
डॉक्टर म्हणाल्या, हा प्रकार क्वचित दिसतो, झपाट्याने पसरतो, बहुतेकदा गाठ लागतच नाही. आणि मी त्या बायकांना—
आधी केमो, मग ऑपरेशन. डावी बाजू अजून साफ आहे म्हणे. मला जगायचंय. गुंजनला दप्तर घेऊन शाळेत जाताना पाहायचंय.

८ डिसेंबर
योगेंद्रच्या खोलीवर. रुखमिणीबाई सोबत आल्यात. उद्या केमो, मग अंगावरचं बंद. संध्याकाळी शेवटचं म्हणून गुंजनला डावीकडे घेतलं. भुकेली होती. तोंड लावलं, आणि फिरवलं.
पुन्हा लावलं. नाही. बाटली मात्र गटागटा—
नखरे. नखरेच असतील.
हात लावला. गरम लागतंय. माझाच हात गार असेल—
रुखमिणीबाई दाराबाहेरून विचारताहेत, तू काहून रडून राहिली—
पेन हातातच आहे. एकदाच रेघ ओढून पाहते, डाव्या—