सिनेमातली सुटका

बाळा,

पत्राच्या माथ्यावर 'चिरंजीव' लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतंच बाळा.

तुझ्या खटल्यावर सिनेमा आलाय. सूनबाई नको म्हणत होती, तरी मी हट्टाने तिला घेऊन गेले. तुझं काम करणारा पोरगा तुझ्यापेक्षा उंच आहे, पण आरोपीच्या पिंजऱ्यातून मला शोधताना अगदी तुझ्यासारखी मान वळवतो. साक्षीदार खोटं बोलला तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "अहो, हा त्या दिवशी गावातच नव्हता!" पुढच्या बाईने मागे वळून मला गप्प केलं.

तू तुरुंगातच तापाने गेलास आणि तू निर्दोष असल्याचा निकाल त्यानंतर आला. सिनेमात मात्र तू जिवंतपणी सुटलास. तुरुंगाचं दार उघडलं, तू बाहेर आलास आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सूनबाईला ते सोसवेना. माझा हात धरून ती म्हणाली, "आई, उठा. हे सगळं खोटं आहे."

मी म्हणाले, "बस गं जरा. त्याला घरापर्यंत येऊ दे."

तुझी,
आई